वाळपईहून बी.ए. : कॉलेज ठरवण्याआधी वेळापत्रक मागा

एका वडिलांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. घर वाळपईच्या पुढे, मुलगी यंदा बारावी आर्ट्स चांगल्या गुणांनी पास झाली. मराठी आणि इतिहास हे तिचे आवडते विषय. तिला साखळीच्या सरकारी महाविद्यालयात घालावं की पणजी-म्हापशाकडे पाठवावं? तीन वर्षं करावीत की चार? पुढे ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एम.ए. करायचं तर आतापासून काय बघावं? वडिलांनी शेवटी एक ओळ जोडली आहे: लहान कॉलेजात तिला 'कॉलेज लाइफ' मिळेल का?

तिला हवे असलेले दोन्ही विषय साखळीला मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) म्हणून एकत्र घेता येत असतील, तर साखळी. येत नसतील तर खांडोळ्याचं सरकारी महाविद्यालय पाहा, आणि तिथेही जमलं नाही तर मगच पणजी-म्हापसा. याची कारणं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत हा निर्णय शेजाऱ्याची मुलगी कुठे जाते यावर होतो आणि त्याची किंमत तीन वर्षं भरावी लागते.

पहिली गोष्ट पदवीची. मडगावच्या चौगुलेसारखी स्वायत्त महाविद्यालयं वगळली, तर गोव्यातल्या कला शाखेचा अभ्यासक्रम गोवा विद्यापीठच ठरवतं आणि पदवीही विद्यापीठच देतं. साखळी, खांडोळा, केपे, विर्नोडा या सरकारी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या मुलीच्या आणि पणजीतल्या मुलीच्या पदवीत फरक नसतो. फरक पडतो तो वर्गातल्या मुलांच्या संख्येत, मिळणाऱ्या विषयांत आणि रस्त्यावर जाणाऱ्या वेळात.

या वेळाचा हिशेब कागदावर मांडून बघा. वाळपईच्या पुढून पणजी म्हणजे बसची वाट पाहणं धरून एका बाजूला दीड तास सहज. रोजचे तीन तास. एका सत्रात साधारण ९० दिवस कामकाज चालतं, म्हणजे २७० तास. चार क्रेडिटच्या एका पेपरची सत्रभराची शिकवणी ६० तासांची असते. म्हणजे चार पेपर शिकवून होतील त्याहून जास्त वेळ खिडकीला डोकं टेकून जातो. साखळीला जाऊन-येऊन एक तास धरला तर ९० तास. वाचलेल्या १८० तासांत ती काय करेल हा पुढचा प्रश्न, पण ते तास हातात तरी राहतात. पणजीला जायचं तर वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहून जावं. रोज ये-जा करून पणजी गाठायची आणि अभ्यासही जोरात करायचा, हे पहिल्या पावसाळ्यातच कोलमडतं.

आता वेळापत्रक. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तक सगळे वाचतात, वेळापत्रक कोणी मागत नाही. लहान महाविद्यालयात नेमकं तेच मागायला हवं. माहितीपुस्तकात आठ विषय दिसतात. पण शिक्षक मोजके आणि खोल्या मोजक्या असल्यामुळे दोन विषय एकाच तासाला येतात आणि 'इतिहास मेजर, मराठी मायनर' ही जोडी प्रत्यक्षात बसत नाही. कार्यालयात जाऊन गेल्या वर्षीचं पहिल्या आणि तिसऱ्या सत्राचं वेळापत्रक मागा. तिसऱ्या सत्राचं मुद्दाम, कारण पहिल्या वर्षी सगळं जुळतं आणि दुसऱ्या वर्षी विषय एकमेकांवर चढतात. दोन्ही विषय वेगवेगळ्या तासांना दिसले की अर्धी काळजी मिटली.

त्याच कागदावर सकाळचा पहिला तास कोणत्या विषयाचा आहे तेही बघा. हजेरीची अट ७५ टक्क्यांची. ६० तासांच्या पेपरला १५ तास चुकले की तुम्ही काठावर. १५ आठवड्यांचं सत्र, म्हणजे आठवड्याला एक तास चुकला तरी हे १५ तास भरतात. बस दर सोमवारी दहा मिनिटं उशिरा येते आणि इतिहासाचा पहिला तास सोमवारी आहे, एवढ्यानेच मुलगी कमी हजेरीच्या काठावर येते. तिची चूक काहीच नसते. चवथीच्या सुट्टीला जोडून घेतलेले दोन दिवस आणि गावच्या जत्रेचा एक दिवस यात धरलेलाच नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच बसची खरी वेळ पाहून घ्यावी आणि जमत नसेल तर विषय-शिक्षकांना तेव्हाच सांगावं. ऑक्टोबरात सांगितलेलं कारण कोणी ऐकत नाही. ऐकावंसं वाटलं तरी तेव्हा नियमात बसवता येत नाही. कदंबाचा, म्हणजे सरकारी बसचा, विद्यार्थी पास महाविद्यालयाच्या शिक्क्याशिवाय होत नाही, तेव्हा तो अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरून घ्या आणि तुमच्या मार्गावर कदंबाच्या किती फेऱ्या आणि खासगी बस किती, हे आधी बघा. खासगी बसला तो पास सहसा चालत नाही.

आता क्रेडिट. नव्या धोरणानंतर पालकांचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथे उडतो. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची १६० ची. १२० पैकी ६० मेजरचे, २४ मायनरचे. उरलेल्यात इतर शाखांचे बहुविद्याशाखीय पेपर ९ क्रेडिट, भाषेचे ८, कौशल्याचे ९, पर्यावरण-आरोग्य-डिजिटल अशा मूल्यवर्धित पेपरांचे ६ ते ८ आणि उन्हाळी इंटर्नशिपचे २ ते ४. यातल्या पहिल्या चारांना मुलं याच क्रमाने एमडीसी, एईसी, एसईसी, व्हीएसी अशा आद्याक्षरांनीच ओळखतात. घरीही तीच नावं कानावर येतील. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास.

मेजर-मायनर निवडताना मुलं विचार करतात, बाकीच्या तीसेक क्रेडिटांना 'काहीतरी घेऊन टाक' असा न्याय लावतात. लहान महाविद्यालयातल्या मुलीला खरी वाट इथेच मिळते. तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर आराखड्यात एक अट आहे: बारावीला शिकलेला विषय एमडीसी म्हणून पुन्हा घेता येत नाही. तिने बारावीला अर्थशास्त्र केलं असेल तर अर्थशास्त्राचा सोपा पेपर घेऊन गुण खेचू, हा बेत चालायचा नाही. कोणता पेपर तिला अडतो हे प्रवेशाच्या आधी बारावीच्या गुणपत्रिकेवरून तपासा. सत्र सुरू झाल्यावर बदल मागितला तर चांगल्या पेपरांच्या जागा भरलेल्या असतात. इतिहासवालीने भूगोल किंवा संगणकाचा पेपर घ्यावा असं माझं मत. नकाशा वाचता येणं आणि तक्त्यात माहिती नीट मांडता येणं या दोन गोष्टी इतिहासाच्या प्रकल्पात रोज लागतात आणि इतिहासाच्या तासाला त्या कोणी शिकवत नाही.

भाषेच्या ८ क्रेडिटांत कोकणीचा पेपर मिळत असेल तर तो घ्यावा. मराठीतून शिकलेल्या घरांत याबद्दल थोडी अढी असते, ती बाजूला ठेवावी. गोवा सरकारच्या बहुतेक नोकरभरतीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट, असं लिहिलेलं असतं. घरात बोलता येणं वेगळं आणि देवनागरीत बिनचूक अर्ज-टिपण लिहिता येणं वेगळं. दुसरं शिकावंच लागतं. मराठी तर तिच्याकडे मायनरने येतेच आहे.

कौशल्याच्या ९ क्रेडिटांत मोडी लिपी, पुराभिलेखांची हाताळणी, भाषांतर, मुद्रितशोधन असं काही मिळालं तर सोडू नका. गोव्याच्या इतिहासाची साधनं पोर्तुगीजमध्ये आणि मोडी मराठीत आहेत. जी मुलगी दोन्हीपैकी एकही वाचू शकत नाही, तिला आयुष्यभर दुसऱ्यांनी इंग्रजीत आणलेल्या उताऱ्यांवर भागवावं लागतं. मोडीची अक्षरओळख रोज अर्धा तास दिला तर दोन महिन्यांत होते. दस्तऐवज सफाईने वाचायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागतं, कारण अडचण अक्षरांची कमी आणि लेखनिकांनी शब्द एकमेकांना जोडून लिहिण्याची जास्त. म्हणून पहिल्या वर्षी सुरुवात केलेली बरी. पोर्तुगीजचा विभाग विद्यापीठात आहे, पण शून्यापासून सुरुवात करायला एम.ए.ची वाट बघू नये.

तीन की चार वर्षं? गुणांचा अंदाज घेऊन ठरवा. चौथं वर्ष दोन प्रकारचं आहे: साधं ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. संशोधनासह हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा प्रबंध लिहावा लागतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले की एम.ए. न करताही नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येते आणि पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. एकूण वर्षांत मात्र फरक पडत नाही: तीन अधिक दोन वर्षांची एम.ए., किंवा चार अधिक एक वर्षाची एम.ए.; पाचच. एक वर्षाची एम.ए. आपल्या विषयात हव्या त्या विद्यापीठात चालू आहे का, हे आधी पाहिल्याशिवाय चौथ्या वर्षाचा अर्ज भरू नये.

साठ-सत्तर टक्क्यांच्या मुलीने तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांची एम.ए. करावी. एम.ए.ला ५५ टक्के पडले की नेटचा आणि महाराष्ट्र-गोव्याच्या सेट या राज्य पातळीवरच्या परीक्षेचा रस्ता खुला राहतो. आरक्षित प्रवर्गांना ५० पुरतात. काठावरच्या गुणांनी चौथ्या वर्षात शिरून ७४ वर अडकणं हे सगळ्यांत वाईट. वर्ष तर गेलं, आणि ज्यासाठी गेलं ते हाती आलं नाही. पंच्याहत्तरच्या वर सहज असेल तर चौथं वर्ष करावं, मात्र विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायम शिक्षक आहेत का हे विचारून. सरकारी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक पुष्कळ असतात आणि त्यांतले कित्येक उत्तम शिकवतात. पण पुढच्या जूनमध्ये ते तिथे असतील याची खात्री त्यांनाही नसते. प्रबंधाचा मार्गदर्शक मध्येच बदलला की विषय बदलतो आणि सहा महिने वाया जातात.

घरात लग्न, आजारपण किंवा पैशाची ओढाताण यामुळे मुलगी मध्येच थांबते तेव्हा काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. आपल्या सत्तरी तालुक्यात हे घडतं, आणि मुली नुसत्या यायच्या बंद होतात. तसं करू नका. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट पूर्ण करून उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यवसाय-अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्या वर्षानंतर ८० आणि ४ वर पदविका. त्या कागदाला नोकरीच्या बाजारात फार किंमत आहे असं म्हणणार नाही. पण रीतसर बाहेर पडलेल्या मुलीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. तिचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा असतात. म्हणून ते खातं पहिल्याच सत्रात उघडा आणि आधार, बारावीची गुणपत्रिका आणि महाविद्यालयाची नोंद या तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक आहे ना ते बघा. गोव्यात एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि वडिलांचं नाव कुठे मधे तर कुठे नसतंच. क्रेडिट खात्यात न दिसण्याचं पहिलं कारण हेच निघतं.

लहान सरकारी महाविद्यालयात मिळते आणि मोठ्या ठिकाणी विकतही मिळत नाही अशी गोष्ट म्हणजे शिक्षकाचा वेळ. तिसऱ्या वर्षी इतिहासाच्या मेजरला पंधरा-वीस मुलं असतात, मराठीला कधी त्याहून कमी. शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखतात. तरीही बहुतेक मुलं तीन वर्षांत शिक्षकांच्या खोलीत एकदाही बसत नाहीत, आणि गेली तर 'सर, नोट्स आहेत?' एवढंच विचारून परत येतात. नोट्स मागणाऱ्याला नोट्स मिळतात, आणखी काही मिळत नाही.

तिला एक सवय लावा. दर पंधरा दिवसांनी चालू प्रकरणावर एक पान स्वतःच्या भाषेत लिहायचं, खाली जे समजलं नाही त्याचे दोन प्रश्न लिहायचे आणि ते पान घेऊन शिक्षकांकडे जायचं. प्रश्न नेमके असावेत. 'राण्यांचं बंड समजलं नाही' असं विचारलं तर कोणीही पुस्तकातला परिच्छेद पुन्हा सांगेल. '१८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हा गावकरांनी त्यांना धान्य कुठून दिलं, याची नोंद कुठे सापडेल?' असं विचारलं तर शिक्षक खुर्ची पुढे ओढतात. अशी बारा-पंधरा पानं एका वर्षात जमतात. त्यांतून प्रकल्पाचा विषय आपोआप वर येतो, आणि तिसऱ्या वर्षी शिफारसपत्र मागताना शिक्षकांकडे लिहिण्यासारखं काहीतरी असतं. इंग्रजीत लिहायची भीती असेल तर आधी मराठीत लिहू द्या. मराठीत स्वच्छ विचार मांडता येणाऱ्या मुलीचं इंग्रजी सहा महिन्यांत वर येतं.

अंतर्गत मूल्यमापन म्हणजे आयएसए. ते सत्रभर तुकड्या-तुकड्यांनी चालतं, आणि हजेरीबरोबर मुलांचा घात तिथेच होतो. चाचणीच्या दिवशी गैरहजर राहिलं तर पुन्हा चाचणी मिळण्यासाठी कारण लेखी द्यावं लागतं, तेही वेळेत. तापाने घरी असलेल्या मुलीने वाळपईच्या आरोग्य केंद्रातून त्याच दिवशी कागद घ्यावा. आठवड्याने आणलेल्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. असाइनमेंटमध्ये इंटरनेटवरचे उतारे आणि यंत्राने लिहून दिलेली उत्तरं आता लगेच ओळखू येतात. पंधरा जणांच्या वर्गात तर जास्तच, कारण शिक्षकांना प्रत्येकाचं लिहिणं माहीत असतं.

ग्रंथालयाबद्दल. सरकारी महाविद्यालयाचं ग्रंथालय पदवीच्या पुस्तकांपुरतं ठीक असतं, संदर्भग्रंथ कमी पडतात. महिन्यातून एक शनिवार पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासाठी ठेवा. १८३२ साली सुरू झालेलं हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. गोव्यावरच्या पुस्तकांचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा साठा तिथे मिळतो. कदंब बसस्थानकावरून चालत जाता येतं. जाताना काय शोधायचं त्याची यादी घेऊनच जावं. 'बघू काय मिळतं' म्हणून गेलं तर दिवस कपाटं बघण्यात जातो. पुढच्या टप्प्यावर पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि सरकारचा पुराभिलेख विभाग आहे. तिथे महाविद्यालयाचं पत्र लागतं, ते आधी घ्यावं. आणि ताळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. मराठ्यांचे आणि पोर्तुगिजांचे संबंध कागदपत्रांतून उलगडणारे हे संशोधक १८९४ साली सत्तरीतल्याच पिसुर्ल्यात जन्मले, हे तिला जरूर सांगा.

प्रकल्पासाठी दूर जायची गरज नाही. तिच्या तालुक्यात वीरगळ आणि सतीशिळा जागोजागी उभ्या आहेत, झर्म्याचा चोरोत्सव आहे, रणमाले हे लोकनाट्य अजून होतं, शेजारी हरवळ्याची लेणी आहेत. मराठी आणि इतिहास दोन्ही हातात असलेल्या मुलीला रणमाल्याची संहिता लिहून घेणं हा पुरेपूर प्रकल्प आहे. गाणाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण करावं आणि त्याच आठवड्यात कागदावर उतरवावं. महिनाभर ठेवलं की बोलीतले शब्द ऐकू येईनासे होतात आणि ते सांगणारा माणूस शेतीच्या कामाला लागलेला असतो. एका तासाच्या मुद्रणाला उतरवून घ्यायला सहा ते आठ तास धरा. वीरगळीच्या नोंदीत उंची-रुंदी, दगडाचा प्रकार, तोंड कोणत्या दिशेला आहे, पट्ट्या किती आणि प्रत्येक पट्टीत काय कोरलं आहे, हे जागेवरच लिहावं. मोबाईलच्या फोटोत खालची पट्टी गवतात लपलेली निघते. दगडावर खडू किंवा तेल लावून अक्षरं उठवायची नाहीत. उन्हं तिरपी असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, कोरीव काम आपोआप दिसतं.

आता 'कॉलेज लाइफ'. पणजीच्या मानाने साखळीला कॅफे कमी आणि गर्दी कमी, हे खरं. पण लहान महाविद्यालयात माणसं कमी असल्यामुळे प्रत्येक कामाला माणूस हवाच असतो. हजारोंच्या महाविद्यालयात एकांकिकेच्या निवडचाचणीला पन्नास जण येतात. इथे दुसऱ्याच वर्षी तिच्यावर प्रकाशयोजना, भित्तिपत्रक किंवा वार्षिक अंकाचा मराठी विभाग येऊन पडतो. साखळीत रवींद्र भवन आहे, म्हणजे खरा रंगमंचही जवळ. घुमट आरती, फुगडी, कोंकणी भाषा मंडळाचा युवा महोत्सव, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व यांसाठी तालीम दुपारनंतर चालते, आणि तिथे पुन्हा बस आडवी येते. शेवटची सोयीची बस किती वाजता, हे तालमीच्या पहिल्या दिवशीच गटाला सांगायचं. लाजून गप्प राहिलेली मुलगी आठवड्याभरात गटातून गळते.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. घरातून पहिल्यांदा सात दिवस बाहेर राहणं या शिबिरात घडतं, आणि पुढे ताळगावच्या वसतिगृहात राहायला जाताना तो अनुभव कामी येतो. विद्यार्थी मंडळात वर्गप्रतिनिधी व्हायलाही हरकत नाही, पण पाचव्या-सहाव्या सत्रात नको.

उन्हाळी इंटर्नशिप नुसती सही-शिक्क्याची करू नका. ग्रामपंचायत, वर्तमानपत्राचं कार्यालय, वस्तुसंग्रहालय, ग्रंथालय, प्रकाशक, यांपैकी कुठेही चालेल. मात्र तिथे ती रोज नक्की काय करणार हे अर्ध्या पानात आधी लिहून घ्यावं. नाहीतर महिनाभर झेरॉक्स काढून घेतात. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा विद्यार्थ्यांना काम आणि चित्रपट दोन्ही मिळतात. मात्र नेमक्या त्याच सुमारास सत्राच्या परीक्षा असतात, तेव्हा तारखा बघून नाव द्यावं.

एम.ए.चं पठार. १९६५ पासून पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्यातून १९८५ च्या जूनमध्ये गोवा विद्यापीठ उभं राहिलं. ताळगाव पठारावरचा परिसर चारशेहून जास्त एकरांचा, विद्यार्थी मात्र मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांच्या मानाने अगदी कमी. मराठी तिथे शणै गोंयबाब भाषा व साहित्य महाशाळेत शिकवतात, इतिहास डी. डी. कोसंबी सामाजिक शास्त्रे महाशाळेत. प्रवेशासाठी जीयू-आर्ट ही परीक्षा असते. तिचा अर्ज बी.ए.च्या शेवटच्या सत्राच्या धामधुमीत निघतो आणि दरवर्षी चांगली मुलं तारीख हुकवतात. जानेवारीपासून दर सोमवारी विद्यापीठाचं संकेतस्थळ बघायचं, एवढंच त्यावर औषध.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करावा, जागा मर्यादित असतात. खोली मिळाली तर पावसाळ्यासाठी तयारी लागते. पठारावर झुआरीकडून सुटणारा वारा आडवा पाऊस आणतो, छत्री उलटते. रेनकोट आणि दप्तरावर आच्छादन हवं. कपाटात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवली की महिन्यात बुरशी धरते. चार बोटं अंतर ठेवावं, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा, आणि ऊन पडलं की पुस्तकं हवेवर ठेवावीत, थेट उन्हात नाही. ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक भिजलं तर स्वतः इस्त्री करून वाळवू नये, तसंच परत नेऊन सांगावं. एका विभागातून दुसरीकडे जाताना सावली कमी, दुकानं दूर, आणि रात्री बस विरळ. आजारी पडल्यास बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) जवळच आहे, ही मोठी सोय.

बाहेरून आलेल्या अभ्यासकांची व्याख्यानमाला विद्यापीठ भरवतं. त्यातले काही वर्ग सर्वांना खुले असतात. त्यांची सूचना संकेतस्थळावर येते आणि बी.ए.च्या मुलांनाही जाता येतं. तिसऱ्या वर्षात असताना एखाद्या वर्गाला तिने जावं. पुढची दोन वर्षं आपल्याला कुठे बसायचं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी कळतं.

राहिले कागद. मामलेदार कार्यालयातून १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला, प्रवर्ग असेल तर त्याचं प्रमाणपत्र, बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं. शिष्यवृत्ती खात्यात येत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच, की खातं वडिलांच्या नावावर दिलेलं असतं किंवा आधारची जोडणी दुसऱ्याच बँकेत झालेली असते. शिष्यवृत्ती पोर्टल उघडण्याआधी शाखेत जाऊन विचारा. अनुसूचित जमातीच्या मुलीसाठी गगन भरारी योजना पाहा, आणि वसतिगृहाचा खर्च अंगावर येणार असेल तर राज्याच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी शैक्षणिक विकास महामंडळात करा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी दरवर्षी ऑनलाइन भरायचं असतं. तक्रारीचा क्रमांक १८००-१८०-५५२२, तो तिच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा. वास्तव्याच्या दाखल्याला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या दिवसांत मामलेदार कार्यालयात रांग असते, म्हणून तो अर्ज या आठवड्यातच द्या. वेळापत्रक मागायला साखळीला जाल, त्याच दिवशी वाटेत वाळपईला हेही होईल.